पत्र्याच्या शेडमधले लेसर

भूकंपानंतर माझे सासरे कधीही स्लॅबखाली झोपले नाहीत. लातूर शहरातल्या आमच्या घराला त्या पहाटे जिन्याच्या भिंतीत एक चीर गेली, एवढंच. पण आमच्या भांड्यांच्या दुकानातल्या मांडण्या कोसळल्या आणि पितळेची, स्टीलची भांडी शटर वाकवून रस्त्यापर्यंत घरंगळत आली. तो आवाज त्यांच्या कानातून गेलाच नाही, असं घरातले सांगायचे. महिनाभर सगळं शहरच बाहेर झोपलं, मग हळूहळू लोक घरात गेले. सासरे, म्हणजे अप्पा, गेले नाहीत. त्यांनी अंगणात कडुलिंबाखाली लोखंडी अँगल रोवले, वर पत्रे टाकले, आत खाट लावली आणि तिथेच मुक्काम ठोकला. "पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत न्हाई," असं त्यांचं गणित होतं.

मी त्या घरात सून म्हणून आले ती त्यानंतर काही वर्षांनी, नांदेडहून. माझी नोकरी टेलिफोन खात्यात होती, टेक्निशियनची. लग्नानंतर लातूरच्या एक्सचेंजला बदली मिळाली. तोपर्यंत लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. कुठल्याही गल्लीत जा, बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पाट्या, आणि प्रत्येक घरावर एक नवा मजला. आमच्याही घरावर चढला. तिथे हिमायतनगर, धर्माबाद, शिरूर अनंतपाळ अशा ठिकाणच्या मुली राहायच्या आणि पहाटेपासून मोठ्यांदा पाठांतर करायच्या. दुकान माझा नवरा बघायचा. सासूबाई, म्हणजे अव्वा, मुलींचे डबे बघायच्या. अप्पांना मात्र काही काम उरलं नव्हतं. सकाळी स्नान करून तळहातावर इष्टलिंग घेऊन शांतपणे पूजा करायची, मग शेडमध्ये बसून प्रवचनाच्या सीड्या लावायच्या. त्यासाठी नवऱ्यानं एक व्हीसीडी प्लेअर आणून दिला होता.

त्या प्लेअरनं एका रविवारी दुपारी दगा दिला. प्रवचनकार हात वर करून काहीतरी सांगत होते, तेवढ्यात त्यांचे चौकोन चौकोन झाले आणि पडद्यावर 'नो डिस्क' आलं.

अप्पांनी मला हाक मारली. "बाई, ह्यो म्हणलाला तबकडीच न्हाई. आत तर हाय की!"

गंजगोलाईजवळच्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून डोकावलं, लगेच बंद केलं आणि निकाल दिला, "लेन्स गेली." त्याच्या लेखी प्लेअरला दुसरा आजारच नव्हता. चित्र अडकलं, लेन्स गेली. आवाज नाही, लेन्स गेली. नवी लेन्स म्हणजे तो पूर्ण भाग, ज्यात लेसर असतो, बारीक काच असते, ती वरखाली करणारी तार असते. तो गावात शिल्लक नव्हता. हैदराबादहून येईल, म्हणाला.

"मी बघू का उघडून?" मी अप्पांना विचारलं.

लहानपणी नांदेडला मी घरातला रेडिओ उघडायचे, तेव्हा आई ओरडायची आणि बाबा स्क्रू हरवू नयेत म्हणून वाटी आणून द्यायचे. बाबा शाळेत विज्ञान शिकवत. पण सासरी येऊन मी काही उघडलं नव्हतं. अप्पांनी प्लेअर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "उगड. मेलेल्याला काय भ्या."

मी झाकण काढलं. कापसाला स्पिरिट लावून मसुराच्या डाळीएवढी ती काच पुसली. काही फरक नाही. सीडी प्लेअरचा लेसर डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. समोरून तर बघायचाच नसतो. लांबून, तिरक्या नजरेनं पाहिलं तर काचेच्या तळाशी रंगलेल्या मेंदीसारखा एक पुसट लालसर ठिपका दिसायला हवा. तो मला दिसला, पण फारच फिका. त्या भागाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा एक स्क्रू होता. तो फिरवला की लेसरला मिळणारा करंट वाढतो, एवढं मला ठाऊक होतं. मी तो किंचित फिरवला. काही नाही. अजून थोडा. आणि प्रवचनकार पडद्यावर परत आले! अगदी स्वच्छ, पूर्वीपेक्षाही. वरच्या मुली टाळ्या वाजवत खाली आल्या. अव्वांनी शिऱ्यासाठी कढई चढवली.

शिरा व्हायच्या आत पडदा काळा झाला. मग मी स्क्रू इकडे फिरवला, तिकडे फिरवला, पण प्लेअर काही बोलेना.

अप्पांनी जवळ येऊन आत पाहिलं. "मेलं का?"

"मेलं, अप्पा."

"आजारानं का औषधानं?"

मी खाली मान घालून म्हणाले, "औषधानं."

अप्पा असे हसले की त्यांना ठसका लागला. खाटेच्या कडेला धरून ते हसत राहिले. "डाक्टरीण झालीस बग. पयला पेशंट गेला!" मग शिरा खाता खाता एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पर कशानं गेलं ते मला सांग. एवढं चांगलं बोललालं, आन एकदम कशानं गेलं?"

मला नीट सांगता येईना. मी म्हणाले, "बाबांना विचारते."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे बाबा आणि अप्पा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण असं झालंच नव्हतं. झालं होतं ते इतकंच, की आमच्या लग्नाची पत्रिका अप्पांनी हौसेनं छापून घेतली आणि पहिली प्रत नांदेडला पाठवली. बाबांनी ती वाचली, सवयीनं लाल पेन काढला, ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुकांवर खुणा केल्या, समासात 'वाटण्यापूर्वी दुरुस्त करावे' असं लिहिलं आणि पत्रिका परत पाठवून दिली. बाबांना वाटलं, आपण मदत केली. अप्पांना वाटलं, भर मांडवात कोणी कान धरला. त्यानंतर सणावाराला दोघं एकमेकांना नमस्कार करत आणि तिथेच थांबत.

आमच्याकडे खात्याचा फोन होता. मी नांदेडला लावला. अप्पा शेजारी खाटेवर बसून दुसरीकडे बघत होते, पण कान इकडेच होते.

बाबा म्हणाले, "अगं, लेसर डायोडला उंबरठा असतो. करंट हळूहळू वाढवत गेलीस तर आधी तो साध्या दिव्यासारखा मिणमिणतो. मग एका ठिकाणी उंबरठा येतो. तो ओलांडला की प्रकाश एकदम उडी मारतो, तिथून पुढे तो खरा लेसर. आणि त्या उडीच्या थोडंच वर त्याचं मरण असतं. त्याच्या तोंडाशी आरशासारखी जी कड असते ना, ती त्याच्याच प्रकाशानं जळते."

मी ते अप्पांना सांगितलं.

"त्यांना विचार, मेल्यावर बी उजेड देतंय का?"

"बाबा, मेल्यावर उजेड देतो का?"

"सांग त्यांना, देतो. पण उडी मारत नाही. कितीही करंट दे, नुसता मिणमिणत राहतो."

"विचार त्यांना, मग मेलाय का झोपलाय, ते कसं वळकायचं?"

दिवसभर ऑफिसात लोकांच्या लायनी जोडून मी घरी आले होते आणि इथेही तेच करत होते. एका बाजूनं 'सांग त्यांना', दुसऱ्या बाजूनं 'विचार त्यांना'. शेवटी बाबा म्हणाले, "करंट आणि प्रकाश यांचा आलेख काढा. आलेखाला कोपर दिसलं तर जिवंत. सरळ रेघ असेल तर गेला." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पण फोन ठेवण्याआधी एक क्षण थांबून त्यांनी विचारलं होतं, "हा प्रश्न तुला सुचला की त्यांना?"

"त्यांना."

"हं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. काम कसलं, नादच. मी ऑफिसातून आले की चहा घेऊन शेडमध्ये जायची. अप्पांनी दिवसभरात भंगारवाल्यांकडून, दुरुस्तीवाल्यांकडून 'लेन्स गेलेले' भाग गोळा करून ठेवलेले असायचे. मोडक्या कॅल्क्युलेटरवर उन्हावर चालणारी जी काळी पट्टी असते, ती मी काढली आणि मीटरला जोडली. तिच्यावर प्रकाश पडला की मीटरचा आकडा वाढतो. डायोडला सेल, एक रेझिस्टन्स आणि फिरवायची कळ असं जोडलं. मी कळ हळूहळू फिरवायची, अप्पा मीटर वाचायचे. आलेख काढायला त्यांनी शेडचा पत्राच घेतला. खडूनं आडवी रेघ, उभी रेघ, आणि प्रत्येक डायोडसाठी ठिपक्यांची एक वेल.

पहिले दोन-तीन सरळच गेले. मेलेले. चौथ्याला ठिपके आधी सपाट चालले होते, आणि मग कळ जरा फिरली तसा मीटरचा आकडा धाडकन वर गेला.

"उडी!" अप्पा ओरडले. "बाई, उडी मारली ह्येनं! जित्ता हाय!"

वरून मुलींनी खिडकीतून विचारलं, "अप्पा, काय झालं?"

"पोरींनो, अभ्यास करा. हितं एक मानूस जित्ता निघाला."

थोड्या दिवसांत आमच्या लक्षात आलं, की बाजारात ज्यांना मेलेलं म्हणतात त्यातले कितीतरी मेलेले नसतातच. कुणाच्या काचेच्या खालच्या बाजूला धूळ. कुणाची चपटी, पट्टीसारखी वायर वाकून आतून तुटलेली. कुणाच्या काचेला उदबत्तीचा धूर चिकटलेला, कारण प्लेअर देवघरात ठेवलेला. आणि जो खरंच जळाला तो जळाला, त्याला कुणी उठवू शकत नाही. त्याच्या जागी दुसरा बसवायचा. हे मला अप्पांना समजावून सांगावं लागलं. त्यांना वाटायचं, जळालेली कड घासून पॉलिश करता येईल. पितळेचं पातेलं येतं की!

"अप्पा, ती कड केसापेक्षा बारीक आहे."

"मग बारीक पॉलिश करू."

एकदा ते आमच्या जुन्या कल्हईवाल्याकडून नवसागर घेऊन आले. सोल्डर चांगलं धरावं म्हणून. मी नको म्हणाले, त्यानं तांब्याच्या बारीक रेघा सडतील. त्यांचा विश्वास बसेना. मग एका मेलेल्या सर्किटवर त्यांनी नवसागर लावून ठेवला आणि रोज सकाळी पूजेनंतर जाऊन बघत राहिले. आठवड्यानं हिरवं झालेलं ते सर्किट त्यांनी मला दाखवलं. "बराबर म्हणलीस तू," म्हणाले, आणि नवसागर कल्हईवाल्याकडे परत गेला.

हैदराबादहून एकदाचा नवा लेसरचा भाग आला. अप्पांच्या प्लेअरमध्ये मी तो बसवला. ठिपका नाही, काही नाही. अप्पा चिडले. "नवा मुडदा दिला ह्येनं!" ते परत द्यायला निघाले होते, तेवढ्यात मी भिंगातून पट्टीची वायर पाहिली. दोन रेघांच्या मध्ये सोल्डरचा एक अगदी बारीक थेंब होता, दोन्ही टोकं एकमेकांना जोडणारा. मला वाटलं चुकून पडलाय. मग डोक्यात आलं की तो मुद्दाम ठेवलेला आहे. नवा डायोड नाजूक असतो. नायलॉनच्या साडीवरून हात फिरवून स्पर्श केला तरी त्या ठिणगीनं मरतो. म्हणून कारखान्यातून निघतानाच त्याची टोकं जोडून त्याला झोपवून पाठवतात, आणि बसवल्यावर तो थेंब काढायचा असतो. मी सोल्डरिंग गन टेकवली. थेंब निघाला. तळाशी मेंदीचा ठिपका उमटला आणि प्रवचन सुरू झालं.

अप्पांनी प्रवचन लगेच बंद केलं. "हे नंतर बगू. आदी सांग, अजून कुणाकुणाला झोपवून पाठवलंय?" मागे फेकलेले भाग त्यांनी सगळे परत काढायला लावले.

त्या दिवसापासून काम करताना मी उजव्या मनगटाला एक तार बांधायची आणि तिचं दुसरं टोक शेडच्या लोखंडी अँगलला, म्हणजे अंगातली ठिणगी जमिनीत जाते. अव्वा येता-जाता म्हणायच्या, "म्हशीला बांदल्यावानी बांदून ठिवलंय सुनेला."

वरच्या मुलींना क्लासमधून सीड्या मिळायच्या, सोडवलेल्या पेपरांच्या. त्यांचा प्लेअर एकच, धर्माबादच्या मुलीनं घरून आणलेला. तो बंद पडला. मी तपासला, डायोड खरंच जळाला होता. आमच्या साठ्यातला एक जिवंत बसवला. आठवडा झाला नाही तोच परत बंद. पुन्हा जळालेला. मुलगी रडकुंडीला आली, परीक्षा जवळ होती. अप्पा पत्र्यासमोर उभे राहून त्या दोन सरळ रेघांकडे बघत होते.

मी म्हणाले, "अप्पा, आपण मेलेल्याकडेच बघतोय. मारणारा कोण?"

मग आम्ही प्लेअरचा दुसरा कोपरा उघडला, जिथून वीज येते. तिथे एक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला होता. त्या काळात रोज तासन् तास वीज जायची आणि यायची तेव्हा झटक्यात यायची. तो झटका अडवायचं काम त्या कपॅसिटरचं होतं. तो थकला होता आणि दर वेळी वीज आली की सगळा झटका लेसरवर जात होता. कपॅसिटर बदलला. तिसरा डायोड परीक्षा होईपर्यंत टिकला आणि नंतरही. अप्पांनी मुलींना नियम घालून दिला, की वीज गेली की प्लेअरची पिन काढायची. मुली त्यांना घाबरत नसत, पण पिन मात्र काढत.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. बाबांशी फोनवर बोलणं व्हायचं, तेही 'सांग त्यांना, विचार त्यांना' असंच. आणि एका सकाळी बाबा स्वतः दारात उभे. खांद्याला कापडी पिशवी.

"बोर्डाच्या कामानं आलो होतो," ते म्हणाले.

अप्पांनी खाटेवरची चादर झटकली. "सरांना विचार, चहा घेणार का." बाबा त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते.

"सांग त्यांना, घेईन," बाबा म्हणाले.

चहा झाला. पावसावर बोलणं झालं. क्लासवर झालं. मग बाबांनी पत्र्याकडे पाहिलं आणि ते उठून उभेच राहिले. त्या खडूच्या वेलींसमोर ते बराच वेळ होते. एकेका वेलीला जिथे कोपर होतं तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हे कुणी काढलं?"

"अप्पांनी."

 परत येऊन बाबांनी पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भेट दिलेला लाल लेसर होता, प्रयोगासाठी. "पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे. हा लागत नाहीये. सेल नवीन घातले, तरी नाही. सहज आणला बरोबर."

मी मनगटाला तार बांधली आणि डायोड जोडला. कळ फिरवत गेले. अप्पांनी खडूनं ठिपके मांडले. सपाट, सपाट, शेवटपर्यंत सपाट. तिघांनाही कळलं.

अप्पांनी खडू खाली ठेवला आणि पहिल्यांदाच थेट बाबांकडे वळून विचारलं, "सर, आजारानं का औषधानं?"

बाबांना आधी कळलं नाही. मी समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सेलऐवजी एलिमिनेटर लावला, तो बारा व्होल्टच्या खुणेवर राहिला. तीन पाहिजे होता."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी खाटेखालून बिस्किटांचा मोठा डबा ओढला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. आत वाटाण्याएवढे मेलेले डायोड खुळखुळत होते. "हे बगा. हे सगळे आमी मारलेले. तुमचा तर एकच हाय."

बाबांनी डब्यात हात घातला, मूठभर डायोड वर काढले आणि त्यांना हसू फुटलं. दोघं हसायला लागले. अव्वा बाहेर येऊन बघून गेल्या.

"अप्पा, लाल प्रकाशाचा डायोड मिळेल का कुठे?" बाबांनी विचारलं. थेट.

"का न्हाई मिळणार? डीव्हीडीच्या डब्यात लालच असतंय. आपल्याकडं दोन हायत."

बाबांनी बोर्डाचं काम होतं असं पुन्हा म्हटलं नाही. ते दोन दिवस राहिले. त्या लेसरची नळी प्लॅस्टिकची होती. ती अप्पांना आवडली नाही. डायोड तापतो, त्याची ऊब ओढून घ्यायला पितळ पाहिजे, असं त्यांचं मत. दुकानातून त्यांनी मोडक्या समईच्या दांड्याचा तुकडा आणला, लेथवाल्याकडून बरोब्बर मापाचं भोक पाडून घेतलं आणि पकडीत धरून, लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून डायोड आत दाबला. पहिल्याचा पाय तुटला.  दुसरा दाबताना ठोकळा बाबांनी धरला होता आणि अप्पांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. डायोड बसला.

करंट किती ठेवायचा यावर मात्र त्यांचं वाजलं. आलेखावर उडी संपली तिथून जरा वर बाबांनी बोट ठेवलं. "इथे."

"सर, अजून थोडं जाऊ द्या. पोरांना लांबून दिसलं पायजे."

"नाही अप्पा. इथंच थांबायचं."

"तुमी लई भित्रे हाव."

"मी एक मारलाय. तुम्ही डबाभर मारलेत."

अप्पांनी बाबांच्या बोटाखाली खडूची खूण केली. करंट तिथेच ठेवला. संध्याकाळी आम्ही दिवे घालवले आणि लेसर लावला. अंगणातून एक लाल ठिपका शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला, स्थिर. वरच्या मुली गच्चीवर जमल्या. अव्वांनी कधी नव्हे ते शेडमध्ये येऊन विचारलं, "मी लावून बगू का?" आणि बटण दाबून, टाकीवर ठिपका बघून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

प्रदर्शनाला अप्पा आणि मी नांदेडला गेलो. काचेच्या टाकीत पाणी, त्यात दुधाचे थोडे थेंब, म्हणजे लेसरची रेघ आरपार दिसते. बाबा फळ्याजवळ उभे राहून सांगणार होते, पण मुलांची गर्दी अप्पांभोवती जमली. धोतर, पांढरी टोपी आणि हातात समईचा लेसर. ते सांगत होते, "हितून उजेड निघलाला, पाण्यात वाकलाला, बगा. डोळ्यात कुणी घालायचा न्हाई, घातला तर मी घरी घेऊन जाईन लेसर."

एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठल्या शाळेत शिकवता?"

"आमी भांडे विकतो," अप्पा म्हणाले. मुलं हसली, अप्पाही हसले, आणि बाबा मागून म्हणाले, "हे माझे व्याही आहेत." मी उगीचच टाकीतलं पाणी बदलायला गेले.

त्या रात्री मुक्काम बाबांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर. जेवण झाल्यावर अप्पा छताकडे बघत बसले होते.  बाबांनी गाद्या उचलल्या, एक स्वतःची, एक अप्पांची, आणि गच्चीवर नेऊन टाकल्या. सकाळी मी चहा घेऊन वर गेले तेव्हा दोघं गाढ झोपले होते आणि गच्चीच्या कठड्यावर खडूनं एक भलाथोरला आलेख काढलेला होता. आईनं तो पुसू दिला नाही. पावसाळ्यात आपोआप गेला.

पुढे सीड्यांचे दिवसच संपले. क्लासवाले पेनड्राइव्ह द्यायला लागले, मग मोबाइलवरच सगळं आलं. भंगारात प्लेअरचे ढीग लागले आणि आम्हाला एका दृष्टीनं सुगी आली. क्लासमधले सर लोक फळ्यावर लाल ठिपका नाचवतात ते पॉइंटर दुरुस्तीला आमच्याकडेच येत. अप्पा ते तपासून, पुसून परत करत आणि प्रत्येक सरांना एक तरी प्रश्न विचारत. बाबा निवृत्त झाल्यावर महिन्यातून एकदा लातूरला येऊ लागले, बसमधून उतरले की आधी शेडमध्ये.

मागच्या लगीनसराईत शिरूर अनंतपाळला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मांडवाबाहेर डीजेची गाडी, गाडीवर रंगीबेरंगी लेसर. सगळे नाचत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमचे दोन्ही म्हातारे गायब आहेत. नवरा एकीकडे शोधायला गेला, मी दुसरीकडे. ते डीजेच्या गाडीमागे सापडले. एका लेसरच्या पेटीचं झाकण उघडलेलं, दोघांची डोकी आत, आणि डीजेवाला पोरगा हवालदिल होऊन उभा.

"काकू, तुमचेच आहेत का हे?" त्यानं मला विचारलं. "म्हणत आहेत लाल कमी पडलंय. खरंच कमी पडलंय, पण आत्ता कशाला?"

"अप्पा, अक्षता पडायल्या," मी म्हणाले.

"पडू दे," अप्पा आतूनच बोलले. "सर, धूळच हाय. लेन्स गेलेली न्हाई."

"मला वाटतं वायर सैल आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही धरा, मी हलवतो."

मी पदराखाली आणलेल्या अक्षता तिथूनच मांडवाच्या दिशेनं टाकल्या आणि डीजेवाल्या पोराला म्हणाले, "कापूस आणि स्पिरिट आहे का रे कुठे?" त्यानं कुठूनतरी अत्तराची बाटली आणि फाटका रुमाल आणला. तेवढ्यावर काम भागलं. पंगतीला आम्ही शेवटच्या ओळीत बसलो, भात गार झाला होता, आणि बाबा अप्पांच्या पानावर स्वतःची जिलेबी वाढत म्हणत होते, की हिरव्या लेसरची गोष्ट जरा वेगळी आहे, ती घरी गेल्यावर सविस्तर सांगतो.